लाभार्थी कोण? ऊस, ज्वारी आणि विद्यापीठाचा हिशेब

आजचा विषय 'विद्यापीठ आणि समाज' असा आहे. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे सवयीने आम्ही आधी शब्दालाच हात घालतो. विद्यापीठांच्या अहवालांत एक शब्द सतत भेटतो : 'लाभार्थी'. इतके मेळावे, इतकी प्रात्यक्षिकं, इतके लाभार्थी. हा शब्द आम्हाला खटकतो. त्यात देणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला. आणि घेणाऱ्याने आधी काही दिलं होतं का, हे विचारायची सोयच उरत नाही.

जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे नेमका हाच हिशेब मांडला होता. सरकारचा महसूल येतो मुख्यतः रयतेच्या कष्टातून आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे, असा त्यांचा आक्षेप होता. राहुरीला 1968 साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे. तेव्हा फुल्यांच्या कसोटीवर त्याचं काम घासून बघायला हरकत नसावी.

दोन पिकं घेऊ. पहिलं ऊस. 'को 86032' हा वाण ठाऊक नाही असा ऊसकरी सापडणं अवघड. कोइमतूरच्या संस्थेत संकर झालेला, नीरेकाठच्या पाडेगाव केंद्रात पारखलेला आणि 1996 साली प्रसारित झालेला हा ऊस. साखर चांगली, उत्पन्न चांगलं, खोडवाही चांगला. पुढे 2007 साली 'फुले 265' आला, तो चोपण-खारवट रानातही तगतो. या वाणांनी कारखाने चालले, आणि कारखान्यांच्या जिवावर गावोगाव शाळा-कॉलेजं उभी राहिली. हा लाभ खराच आहे. तो नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल.

पण उसाला पाणी लागतं. महाराष्ट्रात पिकांखालच्या क्षेत्रापैकी जेमतेम चार टक्क्यांवर ऊस आहे आणि सिंचनाचं सुमारे सत्तर टक्के पाणी त्याला जातं, असा अंदाज नेहमी दिला जातो. म्हणजे या संशोधनाचा लाभ आधी त्याला, ज्याच्या रानापर्यंत कालवा पोचला किंवा ज्याची विहीर आटली नाही.

दुसरं पीक रब्बी ज्वारी. इथे गोष्ट उलट्या बाजूने सुरू होते. 'मालदांडी 35-1' हा प्रसिद्ध वाण 1930च्या दशकात मोहोळ इथे निवडला गेला. निवडला गेला, हे लक्षात घ्या. तो प्रयोगशाळेत जन्मला नाही. सोलापूरकडच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या कणसं राखून जे बी जपलं, त्यातूनच शास्त्रज्ञांनी तो वेचून काढला. मग सांगा, इथे लाभार्थी कोण? शेतकरी की शास्त्र?

पुढे राहुरीच्या शास्त्रज्ञांनी एक फार शहाणपणाचं काम केलं. त्यांनी जमिनीची खोली विचारली. हलक्या रानाला 'फुले अनुराधा', मध्यमला 'फुले सुचित्रा', भारीला 'फुले वसुधा', आणि पाणी असेल तर 'फुले रेवती'. आम्हाला हे वाचून आनंद झाला. 'शेतकरी' नावाचा एकच एक माणूस नसतो, प्रत्येकाच्या पायाखालची माती वेगळी, हे या यादीने मान्य केलं आहे. आमच्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांना हे शहाणपण उशिरा सुचतं.

मग अडतं कुठे? आमचा एक चुलतभाऊ सोलापूरकडे कोरडवाहू शेती करतो. हस्ताच्या पेरणीआधी हलक्या रानाचं बी आणायला तो एका विक्री केंद्रावर तीन खेपा गेला. तिसऱ्या खेपेला उत्तर मिळालं, "संपलं, पुढच्या वर्षी या." त्याने घरचंच बी पेरलं. आम्हाला म्हणाला, "दादा, वाण कागदावर फार चांगलाय बघा." चिडून नव्हे, हसून म्हणाला. ते हसणं आम्हाला जास्त लागलं.

उसाच्या मागे कारखाना आहे, कर्ज आहे, ठरलेला दर आहे. बेणं आपोआप पसरतं. ज्वारीच्या मागे असं कोणी नाही. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. सन्मान झाला, पिशवीभर बी वेळेवर पोचवणं मात्र बाकी राहिलं.

कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय असा भेद केला आहे : हिताचं एक आणि आवडीचं एक. लाभ मोजता येतो, म्हणून अहवालांना तो प्रिय. हित मोजायला वेळ लागतो आणि कधी कधी लाजही वाटते. म्हणून आमचं एवढंच मागणं आहे. अहवालात किती वाण प्रसारित केले हे जरूर लिहा. त्याशेजारी आणखी तीन रकाने ठेवा. हा प्रश्न मुळात कोणी विचारला? बी किती रानांत, कोणत्या रानांत पोचलं? आणि ज्याच्याकडून आपण शिकलो, त्याला परत काय दिलं?

हे तीन प्रश्न आम्ही आमच्या विभागालाही कधी विचारले नाहीत, हे कबूल करायला हवं. पगार आमचाही त्याच महसुलातून आला, आणि निवृत्तिवेतन अजून येतं. तेव्हा हिशेब फक्त राहुरीचा नाही, आपला सगळ्यांचा आहे. आता तुमचे प्रश्न असतील तर विचारा. उत्तर आलं तर देऊ, नाही तर बरोबर बसून शोधू.