महाड (चहा)

कादंबरीचे परीक्षण होते, नाटकाचे होते, लोणच्यांच्या पुस्तकाचेसुद्धा होते. मग सहलीच्या पत्रकाने काय घोडे मारले आहे? आमच्या सोसायटीच्या फलकावर लागलेले एकपानी पत्रक मी अथपासून इतिपर्यंत वाचले. (इति म्हणजे ‘आगाऊ रक्कम परत मिळणार नाही’.)

शैली कंसप्रधान आहे. ‘शनिवार : महाड (चहा), रायगड (रोपवे). रविवार : पोलादपूर (थांबा नाही), प्रतापगड (फोटो), महाबळेश्वर (खरेदी).’ अल्पाक्षरत्व असावे तर असे!

रायगडाला लेखकाने दीड तास बहाल केला आहे, जेवणासह. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक, बाजारपेठ, टकमक टोक, जगदीश्वर आणि महाराजांची समाधी पिठल्याच्या आधी बसवायची की नंतर, हे वाचकाच्या कल्पनाशक्तीवर सोडले आहे. रोपवेबद्दल मात्र माझी तक्रार नाही. गुडघे कुरकुरणाऱ्या आजींनाही राजसदर दिसली पाहिजे.

‘पोलादपूर (थांबा नाही)’ हे वाक्य जिव्हारी लागते. अहो, तिथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे! ज्याने शिवचरित्र संस्कृत काव्यात बांधले, त्याच्या दारावरून दुसऱ्या लेखकाने हॉर्न वाजवत जावे, हे मराठी साहित्यव्यवहाराचे वास्तव चित्रण झाले खरे. तालुक्यातच तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ. त्याला तर कंसही मिळालेला नाही.

पण खरी त्रुटी पहिल्या कंसात आहे. चहाच्या त्या पंधरा मिनिटांत मंडळी काय करतात? पाण्याची बाटली घेतात. दुकानदार पैसे विचारतो, जात विचारत नाही. याच गावात चवदार तळे आहे. १९२४ साली नगरपालिकेने ते सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. पण ठरावाने तहान भागत नाही. तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता, अस्पृश्य माणसांना होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तिथे चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर परिषदेला आलेल्यांना मार बसला आणि तळ्याची शेणा-गोमूत्राने ‘शुद्धी’ झाली! त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृतीचे दहन झाले. पाण्याचा दावा मुंबईच्या हायकोर्टात निकाली निघायला १९३७ साल उजाडले. एका ओंजळीला दहा वर्षे. पत्रकात तिला दहा मिनिटे नाहीत.

तिकडे स्कॉटलंडात एडिंबरोला लोक असेच दोन दिवसांसाठी जातात. किल्ला उंचावर, खाली राजवाडा, आणि दोहोंमध्ये मैलभर जुना रस्ता. किल्ला बघून झाला की माणूस त्या रस्त्याने गाव बघत बघत उतरतो. आमच्याकडे गडावरून उतरलेला माणूस थेट स्ट्रॉबेरीवर जातो. गड आणि तळे यांच्यात अंतर पंचवीसेक किलोमीटरचे. पण स्वराज्य कसे उभे राहिले हे गडावर कळते, आणि त्यात आपला वाटा मिळवायला कुणाकुणाला किती झगडावे लागले हे तळ्याकाठी. पहिलाच अंक पाहून ‘नाटक छान होते’ म्हणणाऱ्याला काय म्हणावे?

एरवी पत्रक वाचनीय आहे, छपाईही सुबक आहे. पुढल्या आवृत्तीत लेखकाने एवढेच करावे : ‘महाड (तळे)’. चहा हवा तर काठावर घ्यावा. त्यालाही शेवटी पाणीच लागते.