अवजार तेच, मोजमाप वेगळं

आज पुस्तकाची किंवा सिनेमाची नाही, एका अवजाराची समीक्षा करायची आहे. अवजाराची कसली समीक्षा, असं तुम्ही म्हणाल. पण समाजमाध्यमांवर काय चाललंय हे ज्या आकड्यांतून कळतं, ते आकडे अवजारातूनच येतात ना? मग त्यालाही प्रश्न विचारायला हवेत.

अवजाराचं नाव फोरकॅट. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी ते तयार केलं. ते फुकट आहे आणि कोणालाही आपल्या सर्व्हरवर बसवता येतं. एखाद्या विषयावरच्या पोस्ट गोळा करायच्या आणि त्यांची छाननी करायची, हे त्याचं काम. कोणता शब्द कधी वाढला, कशासोबत आला, कोणती चित्रं फिरतायत, वगैरे. त्याची रचना शहाणपणाची आहे. पोस्ट आणणारा भाग वेगळा, छाननी करणारा वेगळा. म्हणजे नळ बंद झाला तर टँकर मागवायचा, स्वयंपाकघर पाडायचं नाही.

आणि नळ खरोखरच बंद झाले. २०२१ च्या जानेवारीत ट्विटरने विद्यापीठीय संशोधकांना महिन्याला १ कोटी ट्विट्स फुकट द्यायला सुरुवात केली होती, तीही जुन्या संग्रहासकट. २०२३ मध्ये ते दार लागलं. नव्या दरपत्रकात सुरुवातीला १०० डॉलर मोजून महिन्याला १०,००० ट्विट्स वाचता येत होते. म्हणजे हजारावा हिस्सा, तोही विकत! त्याच वर्षी रेडिटनेही हात आखडता घेतला. १४ ऑगस्ट २०२४ ला मेटाने क्राउडटँगल बंद केलं.

यावर फोरकॅटवाल्यांनी तोड काढली ती झेस्खॉयमरची. डच भाषेत याचा अर्थ समुद्री चाचा. हे फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचं छोटं साधन आहे. तुम्ही टिकटॉक किंवा इन्स्टाग्राम नेहमीसारखं चाळत बसायचं. कंपनी तुमच्या पडद्याकडे जे पाठवते, ते हे साधन टिपून ठेवतं आणि पुढे फोरकॅटकडे देतं. कंपनीकडे किल्ली मागायला जायला नको. युक्ती नामी आहे, यात शंका नाही.

पण आमचा आक्षेप इथेच आहे. पूर्वी अवजाराला आपण विचारत होतो, ‘या विषयावर लोकांनी काय लिहिलं?’ आता ते उत्तर देतं ते दुसऱ्याच प्रश्नाचं: ‘या खात्याला, या वेळी, कंपनीने काय दाखवलं?’ पुण्यात बसलेल्याचं आणि गडचिरोलीत बसलेल्याचं उत्तर एक येईलच असं नाही. गावातलं पर्जन्यमापक उघड्यावरून झाडाखाली हलवलं तर आकडा उतरेल. म्हणून पाऊस कमी झाला असं होत नाही.

आणि जी रचना आम्ही आत्ता वाखाणली, तिचाच हा दोष आहे, बरं का. छाननीचा भाग जसाच्या तसा राहिल्यामुळे आलेखही जुन्यासारखाच दिसतो. डेटा कुठून आला याची नोंद फोरकॅट ठेवतं, हे खरं. पण आलेख कापून लेखात चिकटवला की नोंद मागे राहते. एका कार्यशाळेत आम्हीच २०२२ ची आणि २०२४ ची रेघ जोडून मोकळे झालो होतो. एका विद्यार्थिनीने विचारलं, ‘सर, मधे उतार आहे तो लोक गप्प झाले म्हणून, की आपलं मोजमाप बदललं म्हणून?’ आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मग अधिकृत वाट का धरू नये? क्राउडटँगलच्या जागी मेटाने कंटेंट लायब्ररी दिली. पण तिथे अर्ज करावा लागतो, आणि तो विद्यापीठांनी किंवा ना-नफा संस्थांनीच करायचा. नफ्यावर चालणाऱ्या वृत्तपत्राला जागा नाही. आपल्या विधानसभेचं मतदान झालं २० नोव्हेंबर २०२४ ला. त्याआधी जेमतेम तीन महिने क्राउडटँगल गेलं. ऐन प्रचारात एखादी खोटी चित्रफीत कोणत्या पानांवरून पसरतेय, हे शोधायला तालुक्याच्या पत्रकाराने काय वापरायचं होतं? युरोपात डिजिटल सेवा कायद्याचं ४० वं कलम संशोधकांना माहिती मागण्याचा हक्क देतं. आपल्याकडे तसा हक्क नाही. तोवर चाच्याचं गलबत सोडून चालणार नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. अवजार वापरा, पण आलेखाखालीच लिहा: खातं नवं की जुनं, कोणत्या गावातून, कोणत्या दिवशी, किती वेळ चाळलं. आणि जिथे मोजमाप बदललं तिथे रेघ तोडा, मधली जागा कोरी ठेवा. ती कोरी जागा दिसली, की ती कोणी आणि का कोरी केली, हे वाचणारा विचारेल. ते विचारलं जाणं गरजेचं आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.