भाकीत खरे ठरले, असे म्हणण्यापूर्वी

प्रतिलोहचुंबकाविषयी पाठ्यपुस्तकात बहुधा एकच वाक्य असते: शेजारशेजारचे अणुचुंबक उलटसुलट दिशांना असतात, म्हणून एकूण चुंबकत्व शून्य. वाक्य बरोबर आहे, पण त्यात स्फटिकाच्या पृष्ठभागाचा विचार नाही.

एक मँगनीज, दोन बिस्मथ आणि चार टेल्युरियम अणू या प्रमाणात बनलेला एक स्फटिक घ्या. त्यात सात-सात अणुस्तरांचे थर एकावर एक रचलेले असतात. एका थरातील सर्व मँगनीज-चुंबक वर, तर पुढच्या थरातील सर्व खाली. बेरीज शून्यच! पण सर्वांत वरच्या थराला वरून जोडीदार नाही. म्हणजे पृष्ठभाग चुंबकीयच राहतो. या पृष्ठभागावर मुक्तपणे वावरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांत त्या चुंबकत्वामुळे फट पडावी, असे सिद्धान्त सांगतो.

ओट्रोकॉव्ह व सहकाऱ्यांनी 2019 साली ‘नेचर’मधील शोधनिबंधात सुमारे 70 मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्टची अशी फट दिसल्याचे मांडले. पद्धत बारावीच्या वर्गाला ओळखीची आहे: प्रकाश टाकायचा, बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा व दिशा मोजायची. भाकीत आणि निरीक्षण एकाच निबंधात आल्याने गोष्ट पुरी झाल्यासारखी वाटली.

माझा आक्षेप इथेच आहे. फट चुंबकत्वामुळे असेल, तर चुंबकांची रचना विसकटल्यावर ती मिटली पाहिजे. या स्फटिकात सुमारे 24 केल्विनच्या वर रचना विसकटते. फट मात्र त्याच्या वरही दिसत राहिली. चुंबकीय रचनेचे क्षणिक अवशेष उरतात, असे त्यावर सुचवले गेले. तसे असू शकेल. पण फट मिटली तरी सिद्धान्त बरोबर आणि न मिटली तरी बरोबर, असे होऊ लागले, तर त्या मोजमापाला कसोटी कसे म्हणावे?

त्याच वर्षी तीन गटांनी कमी ऊर्जेचा लेसर वापरून अधिक बारकाईने पाहिले. त्यांना 24 केल्विनच्या खालीही फट जवळजवळ दिसली नाही. जास्त ऊर्जेच्या प्रकाशात पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांची खूण फिकी पडते आणि नसलेली फट दिसल्याचा भास होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. याउलट 2020 साली पाच थरांच्या पापुद्र्यात, 1.4 केल्विनला, बाह्य चुंबकक्षेत्राशिवाय क्वांटम हॉल परिणाम आढळला. तो फटीच्या बाजूचा पुरावा आहे. तेव्हा सिद्धान्त चुकला असे म्हणता येत नाही. जाड स्फटिकाचा पृष्ठभाग तसाच वागतो, हे मात्र त्या पहिल्या छायाचित्राने सिद्ध झाले नव्हते.

वर्गात आपण ‘भाकीत केले, प्रयोगाने खरे ठरले’ अशा दोन पायऱ्यांत विज्ञान सांगतो. मधली पायरी गळते. ही गोष्ट सांगताना विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे: काय दिसले असते, तर भाकीत चुकले असे आपण मान्य केले असते? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाआधी लिहून ठेवायला हवे.