‘निसर्गरम्य’ या निकषाची मर्यादा : द्राक्षप्रदेशातील निवास आणि दाभोळ

प्रस्तावना

पर्यटनविषयक जाहिरातींत व माहितीपत्रकांत ‘निसर्गरम्य’ हे विशेषण सर्रास आढळते. नाशिकजवळच्या द्राक्षमळ्यातील निवासस्थान असो की दापोली तालुक्यातील खाडीकाठचे घर, दोहोंची ओळख या एका शब्दात आटोपली जाते. प्रस्तुत लेखात निवासाच्या निवडीचा निकष म्हणून या विशेषणाची समीक्षा केली आहे. जे दृश्य पाहण्यासाठी पाहुणा येतो, ते दृश्य घडविणाऱ्या व्यवहारात त्या निवासाचा वाटा किती, हा अधिक कसदार निकष होय, असे येथे प्रतिपादन आहे. विवेचनासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ हे स्थळ घेतले आहे.

‘बुटीक’ : शब्द आणि व्यवहार

‘बुटीक’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ छोटे दुकान. न्यूयॉर्क येथे १९८४ मध्ये इयान श्रेगर व स्टीव्ह रुबेल यांनी सुरू केलेल्या ‘मॉर्गन्स’ या हॉटेलाच्या संदर्भात ही उपमा रूढ झाली. मोठ्या साखळी हॉटेलांना सर्व वस्तू विकणाऱ्या भव्य भांडाराच्या जागी कल्पिले, तर हे हॉटेल म्हणजे निवडक मालाचे छोटे दुकान, असा तिचा आशय होता. छोट्या दुकानात गल्ल्यावर बसलेला मालक मालाची निवड स्वतः करतो आणि तिची जबाबदारीही घेतो. कालांतराने मोजक्या खोल्या, लाकडी सामान व चढे दर एवढाच अर्थ शिल्लक राहिला. दुकान छोटे राहिले. गल्ल्यावरचा माणूस मात्र अनेक ठिकाणी दिसेनासा झाला.

द्राक्षप्रदेशाचा दाखला

द्राक्षप्रदेशाचे सौंदर्य हे शेतीचे उपफल आहे. कॅलिफोर्नियातील नापा परगण्याने १९६८ मध्ये कृषिराखीव क्षेत्र घोषित करून जमिनीचे लहान तुकडे पाडण्यास अटकाव केला. आज पाहुण्यांना मोहविणाऱ्या तेथील वेलींच्या रांगा या निर्णयामुळे मोठ्या प्रमाणावर टिकून राहिल्या. आधी शेती राखली गेली, म्हणून पुढे दृश्य राहिले.

महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण २००१ मध्ये जाहीर केले. त्यानंतर नाशिक परिसरात वाईननिर्मिती वाढली आणि तिच्या आश्रयाने निवासस्थानेही उभी राहिली. येथील द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. उन्हाळ्याच्या तोंडावर खरड छाटणी झाली की काही काळ मळा उघडाबोडका दिसतो. जानेवारी ते मार्च हा काढणीचा प्रमुख हंगाम. माहितीपत्रकातील छायाचित्रात मळा बाराही महिने हिरवा असतो. अशा निवासाची निवड करताना ज्या मळ्याच्या नावावर खोली विकली जाते, त्या मळ्यात त्या महिन्यात काय चालते आणि पाहुण्याला ते पाहता येते काय, हा पहिला प्रश्न असावयास हवा.

दाभोळ : दृश्यामागील गाव

दाभोळात द्राक्षे नाहीत. प्रश्न मात्र तोच आहे. वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, उत्तर तीरावर वसलेले हे बहमनी व आदिलशाही काळातील महत्त्वाचे बंदर. पंधराव्या शतकातील रशियन प्रवासी अफनासी निकितिन याच्या वृत्तांतात त्याचा उल्लेख येतो. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडा याने ते जाळून लुटले. सतराव्या शतकातील आदिलशाही मशीद आणि गुहेतील चंडिकादेवीचे स्थान ही त्या दीर्घ इतिहासाची आजची रूपे होत. विसाव्या शतकाच्या अखेरीस दाभोळचे नाव जगभर झाले ते वीज प्रकल्पामुळे. प्रत्यक्षात तो प्रकल्प खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यातील अंजनवेल परिसरात आहे. २००३ पासून दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून वाहनेही पलीकडे जाऊ लागली. प्रवास सुकर झाला, तसाच मुक्काम न करता पुढे जाण्याचा मोहही बळावला.

या भागाचे वर्णन करताना दापोलीला ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणण्याची प्रथा आहे. उसन्या नावाबरोबर उसने निकषही येतात. समुद्राकडे तोंड केलेली गच्ची आणि पोहण्याचा तलाव यांवर निवासाची प्रत ठरू लागली, की कलमांच्या बागेपेक्षा बिनझाडांच्या भूखंडाला भाव येतो. कोकणात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी टिकत नाही आणि ऐन आंब्याच्या हंगामात, म्हणजे पाहुण्यांची गर्दी असते तेव्हाच, विहिरी तळ गाठतात. त्या वेळी तलाव कोणाच्या पाण्याने भरला, हे ‘निसर्गरम्य’ हा शब्द सांगत नाही.

कायद्याने वस्तूंच्या बाबतीत ही दक्षता घेतली आहे. कोकमाला २०१६ मध्ये व हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. नावाचा भूमीशी संबंध सिद्ध केल्याविना ते नाव वापरता येत नाही. निवासाला मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही.

‘घरगुती’ या शब्दाचीही चिकित्सा

बड्या हॉटेलाऐवजी घरगुती निवास निवडला की प्रश्न सुटला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ओटी-पडवीचे घर, घावन, सोलकढी आणि उकडीचे मोदक यांचे कौतुक होते. परंतु पहाटेपासून चुलीपाशी राबणाऱ्या गृहिणीच्या श्रमाचा दर खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो. द्राक्षमळ्यातील मजूर छायाचित्राबाहेर राहतो, तशीच हीदेखील. आपुलकीच्या नावाखाली श्रम फुकट घेतले जात असतील, तर ‘घरगुती’ हे विशेषणही तितकेच फसवे होय.

विश्रांतीसाठी आलेल्या पाहुण्यावर एवढा भार कशासाठी, असा आक्षेप संभवतो. तो अगदीच गैरलागू नाही. स्वच्छता, सुरक्षितता व शांतता या गोष्टी प्रथम हव्यातच. परंतु त्या अनेक ठिकाणी मिळत असताना निवड कशावरून करावी, हा प्रश्न उरतोच. तेथे तीन गोष्टी पाहणे पुरेसे आहे : पाणी कोठून येते, ताटातील मासळी व फळे कोणाकडून घेतली जातात आणि घरात राबणाऱ्यांना मोबदला मिळतो काय. खोली ठरविताना हे विचारण्यास फार वेळ लागत नाही.

समारोप

पर्यटकाची निवड ही खाजगी बाब वाटली, तरी अशा असंख्य निवडींतून प्रदेशाची घडण बदलते. नापाने दृश्याआधी जमीन सांभाळली. दाभोळच्या खाडीकाठी मासेमारी, बागायत व जुनी वस्ती अद्याप आहे, तोवरच येथील निवासाला सांगण्यासारखे काही आहे. ती उखडून तिच्या जागी केवळ दृश्य विकावयास बसलेल्या निवासाजवळ काही वर्षांनी विकण्यास दृश्यही उरणार नाही.