देवगिरीचा पाडाव आणि अल्लाउद्दीनाचे जाबते : एका रूढ समजुतीची तपासणी

महाराष्ट्राच्या मध्ययुगीन इतिहासासंबंधीची काही विधाने एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात इतक्या सहजतेने उतरत आली आहेत, की त्यांचा मूळ आधार कोणता हे विचारण्याची आवश्यकताच वाचकास भासत नाही. देवगिरीचे राज्य जिंकल्यावर अल्लाउद्दीन खिलजीने आपले कठोर कायदे येथील प्रजेवर लादले. पिकाचा निम्मा हिस्सा सरकारात जाऊ लागला, घरपट्टी व चराईपट्टी बसली आणि गावच्या पाटलाचे परंपरागत हक्क बुडाले, हे विधान त्यांपैकीच एक होय. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ते आढळते आणि व्याख्यानांतूनही ऐकू येते. हे विधान मूळ साधनांच्या कसोटीला उतरते काय, आणि उतरत नसेल तर त्याच्या जागी काय म्हणावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

तपासणीच्या सोयीसाठी एक गाव डोळ्यांसमोर ठेवू. धावडा हे आज जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात मोडते. १९८१ साली जालना जिल्हा निर्माण होण्यापूर्वी हा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. म्हणजे देवगिरीचा किल्ला आणि हे गाव एकाच जिल्ह्यात होते. हा टापू अजिंठ्याच्या डोंगररांगेचा. १२९६ साली अल्लाउद्दीन एलिचपुरावरून देवगिरीवर चालून आला. एलिचपूर रांगेच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यात आणि देवगिरी तिच्या दक्षिणेस. तेव्हा ही रांग ओलांडल्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. धावड्याचा एखादा लेख पुरावा म्हणून पुढे करावयाचा आहे, असे नाही. हेतू इतकाच, की दिल्लीत निघालेली आज्ञा अशा गावच्या खळ्यापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचली असती, हा प्रश्न आपण सतत विचारीत राहावे. दरबारात बसून पाहिले म्हणजे प्रत्येक आज्ञा अंमलात आलेलीच दिसते; खळ्यावरून पाहिले म्हणजे तसे दिसेलच असे नाही.

प्रथम हे जाबते कोणते, ते पाहू. त्यांचा मुख्य आधार जियाउद्दीन बरनीचा ‘तारीख-इ-फिरोजशाही’ हा सुमारे १३५७ साली पूर्ण झालेला ग्रंथ होय. बंडाळ्यांच्या मुळावर घाव घालण्यासाठी सुलतानाने इनाम व दानाच्या जमिनी खालसा केल्या, हेरांचे जाळे विणले, मद्यपानाची बंदी केली आणि अमीर-उमरावांच्या बैठकी व परस्पर सोयरिकी यांवर निर्बंध घातले. त्यानंतर महसुलाचा जाबता आला. जमीन मोजावी, बिस्व्यामागे उत्पन्न ठरवावे आणि त्याचा निम्मा भाग घ्यावा. गावचा खूत व मुकद्दम यांनीही हीनतम बलाहराप्रमाणेच भरणा करावा. बलवंतांचा बोजा दुबळ्यांवर पडू नये. याखेरीज घर आणि चराई यांवर कर बसविण्यात आले. नायब वजीर शरफ काई याने ही व्यवस्था अंमलात आणली आणि अंमलदारांचे हिशेब गावच्या पटवाऱ्याच्या वहीवरून तपासले जात, असेही बरनी सांगतो.

या वर्णनातील एक तपशील बहुधा दुर्लक्षित राहतो. हा जाबता कोणत्या प्रदेशांत चालू झाला त्यांची नावे बरनीने दिली आहेत. लाहोर, दीपालपूर, सामाना, सुनाम, बदाऊन, कोईल, कटेहर अशी ती नामावळी आहे. ती सर्व पंजाब, दोआब आणि त्यांच्या आसपासची स्थळे होत. त्या यादीत देवगिरी नाही. बरनीला देवगिरी ठाऊक नव्हती, अशी शंकाही घेता येत नाही, कारण त्याच ग्रंथात देवगिरीच्या स्वाऱ्यांचे वर्णन त्याने विस्ताराने केले आहे. मोरलंडने १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मुस्लिम अंमलातील शेतसारापद्धतीचे विवेचन करताना या जाबत्याची चिकित्सा केली. ती वाचूनही मराठी लेखनात हा भेद रुजला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. मूल्यनियंत्रणाच्या प्रसिद्ध आज्ञांचीही हीच कथा. त्यांचे केंद्र दिल्लीचा बाजार आणि त्यास धान्य पुरविणारा दोआब. अजिंठ्याच्या रांगेतील ज्वारीचा भाव त्यांच्या कक्षेत येत नव्हता.

दुसरी कसोटी कालक्रमाची आहे आणि ती अधिक निर्णायक आहे. १२९६ च्या स्वारीने यादवांचे राज्य नष्ट झाले नाही. रामदेवराव मांडलिक झाला. एलिचपूरच्या उत्पन्नाइतकी वार्षिक खंडणी ठरल्याचे विजापुरास राहून लिहिणारा फिरिश्ता सांगतो. पण तो तीनशे वर्षांनंतरचा लेखक आहे, हे विसरता कामा नये. १३०७ साली मलिक काफूर पुन्हा आला, तो थकलेल्या खंडणीसाठी. रामदेवराव दिल्लीस नेला गेला, त्यास ‘रायरायान’ हा किताब मिळाला आणि तो आपल्या राज्यात परतला. पुढे काफूरच्या वरंगळच्या स्वारीस त्याने साहाय्यही केले. या सर्व काळात गावांवरचा अंमल यादवांचाच होता. सुलतानाची आज्ञा राजाच्या दारापर्यंत येत होती, पाटलाच्या नव्हे. रामदेवरावाच्या मृत्यूनंतर त्याच्या पुत्राने खंडणी थांबविली, तेव्हा १३१३ च्या सुमारास काफूरने त्याचा वध करून देवगिरीत प्रत्यक्ष अंमल बसविला. १३१५ साली तो दिल्लीस परत गेला. जानेवारी १३१६ मध्ये अल्लाउद्दीन मरण पावला आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत काफूरही मारला गेला. पुढे कुत्बुद्दीन मुबारकशहा तख्तावर आला आणि त्याने पित्याचे जाबते मोडीत काढले. करांचा भार उतरला आणि खूत-मुकद्दम पुन्हा डोके वर काढू लागले, अशी बरनीची तक्रार आहे. हाच मुबारकशहा १३१७-१८ मध्ये देवगिरीवर आला. रामदेवरावाचा जावई हरपाळदेव याचा क्रूर वध झाला, राज्य दिल्लीस जोडले गेले आणि १३१८ मध्ये दौलताबादची जामा मशीद उभी राहिली.

म्हणजे देवगिरी ज्या वर्षी कायमची खालसा झाली, त्या वर्षी अल्लाउद्दीनाचे कायदे खुद्द दिल्लीतच रद्द झालेले होते. त्यानंतर आलेल्या ग्यासुद्दीन तुघलकाने १३२० ते १३२५ या काळात मागणी एकाएकी वाढवू नये असे धोरण ठेवले आणि खूत-मुकद्दमांना त्यांच्या जबाबदारीच्या मोबदल्यात काही सवलती दिल्या. तेव्हा महाराष्ट्रावर दिल्लीचा सलग अंमल सुरू झाला तो अल्लाउद्दीनी कठोरतेच्या काळात नव्हे, तर तिच्यावरील प्रतिक्रियेच्या काळात.

यावर एक आक्षेप निश्चितच घेता येईल. १३१३ ते १३१५ या काळात काफूर देवगिरीत होता आणि जाबते अद्याप जिवंत होते. मग त्या दोन वर्षांत ते लागू झाले नसतील काय? या बाबतीत इसामीची साक्ष महत्त्वाची आहे. त्याने ‘फुतूह-उस-सलातीन’ हे काव्य १३५० च्या सुमारास, दौलताबादेत, पहिल्या बहमनी सुलतानाच्या आश्रयाने पूर्ण केले. काफूरने मराठ्यांच्या मुलखात अभय दिले, रयतेशी सौम्यपणे वागून शेती वाढविली, असे तो सांगतो. इसामी निःपक्ष आहे असे मुळीच नाही. राजधानी हलविण्याच्या आज्ञेने त्याच्या वृद्ध आजोबास दिल्ली सोडावी लागली आणि वाटेतच ते वारले. महंमद तुघलकाविषयीचा त्याचा द्वेष पानोपानी प्रकट होतो. त्याच्या द्वेषापायी पूर्वीच्या अंमलास उजाळा मिळाला असेल, हे मान्य करावे. परंतु काफूरची स्तुती करून १३५० साली कोणाचाही अनुग्रह मिळण्यासारखा नव्हता. शिवाय निम्मा हिस्सा आणि जमिनीची मोजणी या गोष्टी दौलताबादच्या आसमंतात घडल्या असत्या, तर त्यांच्या स्मृतीचा मागमूसही तेथेच राहून लिहिणाऱ्याच्या काव्यात नसावा, हे संभवनीय वाटत नाही.

येथवरचे विवेचन वाचून कोणी असा निष्कर्ष काढील, की दिल्लीच्या विजयाने महाराष्ट्रातील गावगाड्यास धक्काच लागला नाही. राजे आले नि गेले, गाव जसेच्या तसे राहिले. हा दुसरा टोकाचा समज पहिल्याइतकाच चुकीचा आहे. कायदा आला नाही याचा अर्थ बोजा आला नाही असा होत नाही. आला तो आकडा. प्रथम तो खंडणीचा आकडा होता आणि नंतर तो मक्त्याचा आकडा झाला. १३२७ साली महंमद तुघलकाने दौलताबाद ही राजधानी केल्यावर या मुलखाकडून असलेल्या अपेक्षा फुगल्या. इब्न बतूता १३४२ च्या सुमारास येथे आला. त्याने नोंदविलेली हकीकत अशी, की एका हिंदू मक्तेदाराने शहर व प्रांत यांचा वसूल सतरा कोटींस पत्करला, तो त्यास पुरा करता आला नाही आणि त्याची कातडी सोलण्यात आली. ही रक्कम जशीच्या तशी खरी मानण्याचे कारण नाही. पण यंत्रणा कशी चालत होती, हे त्यावरून लख्ख दिसते. मक्तेदाराला दिलेल्या शिक्षेचे वर्णन प्रवाशाने केले. ती शिक्षा होण्यापूर्वी मक्तेदाराने रयतेस काय शिक्षा दिली असेल, याचे वर्णन करावयास कोणी प्रवासी नव्हता.

आणि येथेच अल्लाउद्दीनाच्या जाबत्यांकडे पुन्हा एकदा, वेगळ्या दृष्टीने, पाहावे लागते. ते निष्ठुर होते यात संशय नाही. पण त्यांत मोजणी होती, पटवाऱ्याची वही होती आणि बलवंताचा बोजा दुबळ्यावर पडू नये असे एक स्पष्ट कलम होते. ते कलम दयेपोटी आले नव्हते. खुताची सत्ता मोडावी हा सुलतानाचा स्वार्थ त्यामागे होता. तरीही जुलमी कायद्याला निदान माप असते. धावड्यासारख्या गावास त्या कायद्याचा जाच भोगावा लागला नाही. मात्र त्यातील मापाचा आधारही त्यास मिळाला नाही. वर एक ठोक रक्कम ठरली आणि ती खाली कोणी, किती, कोणाकडून घ्यावी हे ज्याच्या हाती बळ त्याच्यावर सोपविले गेले. जिंकलेल्या प्रजेवर लादलेली खरी व्यवस्था ती हीच. तिला जाबता म्हणून कोणी नाव दिले नाही, म्हणून ती इतिहासकारांच्या नजरेतून सुटली.

तिची परिणती पुढे लवकरच झाली. देवगिरीच्या वसुलाचे कोटींचे लाख झाले, अंमलदारांनी मधल्यामध्ये अपहार केला, अशी ओरड दिल्लीच्या दरबारात झाली. १३४५ साली लोकांच्या आदरास पात्र झालेला सुभेदार कुतलुघखान परत बोलाविण्यात आला आणि मराठ्यांच्या मुलखाचे चार शिक पाडून त्यांवर नवे, कडक अंमलदार नेमण्यात आले. आकडा पुन्हा वर चढविण्याचा हा प्रयत्न होता. त्यानंतर दोन वर्षांच्या आत सदा अमीरांनी बंड केले आणि ऑगस्ट १३४७ मध्ये हसन गंगू बहमनी तख्तावर बसला. दिल्लीचा अंमल उलथून टाकला तो दिल्लीच्याच अधिकाऱ्यांनी.

भाषेची साक्षही याच दिशेस जाते. बहमनी काळापासून परगण्याच्या व दरबाराच्या पातळीवर महसूल, जमा, दिवाण, हवालदार असे फारसी-अरबी शब्द आले. गावात मात्र पाटील, कुळकर्णी, चौगुला ही नावे टिकली. कागदात ‘मोकदम’ म्हणून लिहिलेला मनुष्य गावच्या तोंडी पाटीलच राहिला. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात उत्तरकालीन महजरांचा अभ्यास केला आहे. त्यांत काझीचा शिक्का आणि पाटलाची नांगराची निशाणी एकाच कागदावर नांदताना दिसतात. मात्र एका शब्दाने आपणास सावध केले पाहिजे. जुन्या ‘वृत्ति’ची जागा ‘वतन’ या अरबी शब्दाने घेतली. हक्क जुनाच, पण तो कोणाच्या मान्यतेवर उभा आहे याचे उत्तर बदलले. वसुलीच्या आकड्याची जबाबदारी घेणाऱ्यास आपला हक्क राखता आला आणि त्याच आकड्याने त्याला वरच्या सत्तेशी बांधूनही टाकले.

मराठी स्मृतीनेही हे आपल्या परीने जतन केले आहे. लीळाचरित्राची मूळ पोथी ज्या प्रसंगी नष्ट झाली असे महानुभाव परंपरा सांगते, त्या प्रसंगास ती ‘खालशाची धाड’ म्हणते. ‘धाड’ हा शब्द अर्थपूर्ण आहे. त्या पिढीच्या अनुभवात परसत्ता कायद्याच्या रूपाने आली नव्हती.

तेव्हा रूढ विधान दुरुस्त करावयाचे ते केवळ एका सुलतानास दोषमुक्त करण्यासाठी नव्हे. अल्लाउद्दीनाचे जाबते महाराष्ट्रावर लादले गेले असे म्हणण्याने आपण एका व्यक्तीच्या कठोरपणावर सर्व भार टाकतो आणि गाव जसेच्या तसे राहिले असे म्हणण्याने सर्वांनाच मोकळे करतो. दोन्ही मते सोयीची आहेत. साधने जे सांगतात ते इतके सोयीचे नाही : विजेत्याने रक्कम ठरविली आणि ती वसूल करण्याची रीत ठरविण्याचे काम आपल्याच लोकांच्या हाती सोपविले. यापुढे या काळाचा अभ्यास करणाऱ्याने दिल्लीच्या आज्ञांची यादी करण्यापूर्वी, ठरलेली रक्कम सुभ्यापासून परगण्यात आणि परगण्यातून गावात कशी वाटली जात होती, याचा शोध घ्यावा. विजेत्याचा कायदा धावड्याच्या खळ्यावर कोणत्या रूपाने पोहोचला, याचे उत्तर त्या वाटणीत आहे.