मार्लेची साखळी आणि शब्दार्थांची वही

मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी भुताची गोष्ट घ्यावी काय, असे आमच्या सटाण्यात कोणी विचारले, तर मी निःशंकपणे ‘घ्यावी’ असेच म्हणेन. आणि घ्यायचीच तर चार्ल्स डिकन्सची ‘ए ख्रिसमस कॅरल’ घ्यावी. १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनात निघालेल्या या छोटेखानी पुस्तकाच्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत खपल्या होत्या. स्क्रूज नावाचा एक कवडीचुंबक पेढीवाला, सात वर्षांपूर्वी वारलेला त्याचा भागीदार मार्ले आणि मार्लेमागून येणारी तीन भुते, एवढ्याच सामग्रीवर डिकन्सने ही गोष्ट उभी केली आहे.

माझे भांडण गोष्टीशी नाही. ती शिकवण्याच्या रीतीशी आहे. आधी शब्दार्थ, मग स्पेलिंग, शेवटी प्रश्नोत्तरे, असा हा तिपेडी दोर असतो, आणि त्याने बऱ्याचदा गोष्टीलाच फास बसतो. वास्तविक या तिन्ही वाटा गोष्टीच्या गाभ्यापर्यंत जातात. आपण उंबऱ्यावरच थांबतो, हे दुखणे आहे.

शब्दार्थच घ्या. मुलाच्या वहीत ‘घोस्ट म्हणजे भूत’ असे एका ओळीत उरकलेले असते. पण आपल्या भाषेत ‘भूत’ म्हणजे होऊन गेलेले. म्हणून तर आपण भूतकाळ म्हणतो. स्क्रूजकडे येणारे पहिले भूत गेलेल्या नाताळांचे आहे. म्हणजे जी गाठ बांधायला इंग्रजीत दोन निराळे शब्द लागले, ती मराठी मुलाला एका शब्दात आयती मिळाली आहे. ती त्याला कोणी दाखवत नाही, एवढेच. तसेच या पुस्तकातल्या प्रकरणांना डिकन्सने ‘चॅप्टर’ म्हटलेले नाही, ‘स्टेव्ह’ म्हटले आहे. म्हणजे गाण्याचे कडवे. पुस्तकाचे नाव ‘कॅरल’, नाताळचे गाणे, म्हणून त्याची पाच कडवी. मार्गदर्शक वहीत ‘पहिले प्रकरण’ असे लिहिले की हे गाणे मुके होते. आणि स्क्रूजचा कारकून बॉब क्रॅचिट! त्याला आठवड्याला पंधरा शिलिंग मिळत, आणि शिलिंगला बोलभाषेत ‘बॉब’ म्हणत. म्हणजे बॉबला पंधरा ‘बॉब’! गरिबाच्या पगारावर डिकन्स हसतो; पण त्या हसण्यात कारकुनाविषयी माया आहे. हे नाणे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापर्यंत ही माया पोहोचत नाही.

स्पेलिंगकडे वळू. ‘घोस्ट’मधल्या ‘जी’पुढचा ‘एच’ मुलांचा हमखास सुटतो, आणि त्यासाठी ती लाल शाईचे धनी होतात. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला. त्याच्या छापखान्यातल्या फ्लेमिश वळणातून हा ‘एच’ शब्दात शिरला, असे भाषेचे अभ्यासक मानतात. त्याचा उच्चार होत नाही, पण तो जागाही सोडत नाही. शब्दात बसलेले हे भूतच की! असे एकदा सांगून पाहा. तो ‘एच’ मुलांना दहा वेळा गिरवावा लागणार नाही.

आता आकलन. ‘स्क्रूज का बदलला?’ या प्रश्नाचे ठरीव उत्तर असते, ‘भुतांना भ्यायला म्हणून.’ मला हे उत्तर अपुरे वाटते. भीती वाटते ती मार्लेची आणि शेवटच्या मुक्या भुताची. पण स्क्रूजच्या डोळ्यांत पाणी येते ते त्याआधी: सुटीत सारी पोरे घरी गेलेली, आणि शाळेत एकटा उरलेला लहानगा स्क्रूज पुस्तक वाचत बसलेला असतो तेव्हा. त्याच्या खिडकीबाहेर अलीबाबा येऊन उभा राहतो! आदल्या संध्याकाळी दाराशी गाणाऱ्या पोराला आपण काही द्यायला हवे होते, हे म्हाताऱ्याला त्याच क्षणी सुचते. धाकाने माणूस वाकतो. तो पाझरतो आठवणीने. हा फरक ज्या मुलाला दिसला, त्याला गोष्ट कळली.

आपण लक्ष्मीपूजनाला चोपड्या पुजतो. मार्लेच्या भुताच्या अंगाभोवती जी साखळी आहे, ती पैशाच्या पेट्या, किल्ल्या, कुलुपे आणि अशाच हिशेबाच्या वह्या यांची आहे, आणि ती त्याने जन्मभर आपल्या हातांनी घडवली आहे. चोपडीवर कुंकू वाहताना हे चित्र मुलांना सांगायला हरकत नाही. व्यापाराचा त्यात उपमर्द नाही.

तथापि या गोष्टीची एक मर्यादा मला खटकते. स्क्रूज पालटतो, बॉबचा पगार वाढतो, टायनी टिम वाचतो. पण शेजारच्या पेढीवरच्या कारकुनाचे काय? डिकन्स एका माणसाचे मन पालटतो. बाकीच्यांनी भुताची वाट पाहत बसायचे! सटाण्याच्या मुलांना ही शंका सहज सुचावी. देवमामलेदार यशवंतराव महाराजांनी १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना भुकेल्यांसाठी मोकळा केला, ही कथा इथे घरोघर सांगतात. मार्गशीर्ष वद्य एकादशीची त्यांची यात्रा भरते तीही नाताळच्या आगेमागेच. स्क्रूजने आपला पैसा दिला, तोही भुतांनी हलवल्यावर. मामलेदारांनी, कथेप्रमाणे, नोकरी पणाला लावून रयतेचा पैसा रयतेला दिला. हे दोघे शेजारी उभे केले की वर्गात खरी चर्चा होईल, आणि मुलांना तिच्यासाठी इंग्रजी शब्द शोधावेसे वाटतील.

डिकन्सने हे पुस्तक लिहिले त्याच वर्षी, सप्टेंबरात, त्याने लंडनच्या फील्ड लेनमधली गरीब पोरांची शाळा पाहिली होती. पुस्तकातले दुसरे भूत आपल्या झग्याखालून दोन वाळलेली पोरे काढून दाखवते: मुलगा अज्ञान, मुलगी गरज. दोघांपासून जपा, पण या मुलापासून अधिक, असे ते बजावते. कारण त्याच्या कपाळी सर्वनाश लिहिलेला आहे. ‘कपाळी लिहिलेले’ हे शब्द मराठी कानाला ओळखीचे आहेत. पण आपल्याकडे ललाटीचा लेख पुसता येत नाही असे मानतात. डिकन्सचे भूत मात्र, तो लेख पुसला गेला नाही तरच नाश अटळ, असे सांगते. ती एक अट नीट वाचता यावी, एवढ्यासाठीच शब्दार्थ, स्पेलिंग आणि आकलन यांचा खटाटोप करायचा असतो.