सतरा वेळा तपासलेली पाठ

कोर्टाचा निकाल हाही शेवटी लिहिलेला मजकूरच. कवितेची चिरफाड आपण करतो, तशी त्याचीही केली पायजे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा १९७६ चा ‘एस्टेल विरुद्ध गॅम्बल’ हा निकाल मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचला. औषधोपचार हा कैद्याचा घटनात्मक हक्क, हे त्या कोर्टानं यात पहिल्यांदा मान्य केलं. लिहिणारे थर्गुड मार्शल, त्या कोर्टातले पहिले काळे न्यायमूर्ती. झालं, आपण टाळ्या वाजवून मोकळे. मी म्हणतो, आधी गॅम्बलची पाठ बघा.

९ नोव्हेंबर १९७३. टेक्सासच्या तुरुंगात कामाला जुंपलेला गॅम्बल ट्रकमधून कापूस उतरवत होता. एक गाठ अंगावर पडली. वजन ६०० पौंड, म्हंजे २७० किलो, असं त्याचं म्हणणं. आमच्या सूतगिरणीत येते ती गाठ १७० किलोची. ती घसरली तरी आम्ही चौघं उड्या मारून बाजूला होतो. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनं तिथली गुलामी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून राबवून घ्यायची मुभा ठेवली. कापूस तोच राहिला.

गोळ्या मिळाल्या. खालचा बिछाना द्या असं डॉक्टरनं सांगितलं, तुरुंगानं दिला नाही. दुखतंय, काम होत नाही म्हणाला, तर एकांतकोठडी. छातीत कळा आल्या, पहारेकऱ्यांनी डॉक्टरकडे नेलं नाही. हे सगळं त्यानं वकिलाशिवाय, स्वतःच्या हातानं अर्जात लिहिलं.

कोर्टानं मोजलं काय? तीन महिन्यांत १७ तपासण्या. पाठीचा एक्सरे नाही काढला? तो डॉक्टरच्या निर्णयाचा भाग. फार तर हलगर्जीपणा. हक्क मोडला म्हणायला ‘जाणूनबुजून बेपर्वाई’ दाखवली पायजे. वैद्यकीय प्रमुखावरचा दावा गेला, तुरुंग अधिकाऱ्यांवरचा खालच्या कोर्टाकडे परत. हक्क सगळ्या कैद्यांना मिळाला, गॅम्बलला नाही.

माझं भांडण इथंच आहे. मार्शल स्वतःच लिहितात की कैदी उपचारासाठी तुरुंगावरच अवलंबून असतो. तुरुंगानं नाही दिला तर तो कुठंच मिळणार नाही. मग हक्क जर कुलपातून जन्मला, तर कुलपाआड माणसाचं काय झालं ते मोजा. कुलूप लावणाऱ्याच्या मनात काय होतं ते कशाला? पाठ दुखते ती पाठीत, जेलरच्या मनात नव्हे. एकट्या न्यायमूर्ती स्टीव्हन्सनी विरोधी मतात हेच बजावलं: शिक्षा क्रूर आहे का ते तिच्या स्वरूपावरून ठरवा, देणाऱ्याच्या हेतूवरून नको.

त्यांचं कोणी ऐकलं नाही. १९९४ च्या ‘फार्मर’ निकालानं दोरी आणखी आवळली: अधिकाऱ्याला धोका प्रत्यक्ष ठाऊक होता, तरी त्यानं दुर्लक्ष केलं, हे दाखवा. २०११ च्या ‘प्लाटा’ निकालात कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत क्षमतेच्या दुप्पट माणसं होती. दर सहा-सात दिवसांनी एक कैदी वाचू शकत असताना मेल्याचा पुरावा होता. तेव्हा कोर्टानं गर्दी १३७.५ टक्क्यांवर आणायला लावली. म्हंजे मढ्यांचा ढीग लागला की आकडे दिसतात; एकट्या माणसानं मात्र जेलरचं मन उघडून दाखवायचं.

तो कायदा आपल्याला लागू नाही, पण गॅम्बलचा अर्ज उपयोगी आहे. आत गेलेल्या साथीसाठी अर्ज लिहाल तेव्हा नुसता ‘अन्याय’ लिहू नका. कोणत्या तारखेला, कोणाला सांगितलं, कोण नाही म्हणालं, ते लिहा. ‘आम्हाला ठाऊकच नव्हतं’ म्हणायला त्यांना जागा ठेवू नका.